लेकीचं पुस्तक आधी की जावयांचं?

पत्र:

सप्रेम नमस्कार. वीज मंडळात नोकरी केली, बहुतेक सबस्टेशनांवर. आता निवृत्त, मुक्काम मिरज. कॉलेजात असताना नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या विज्ञानकथा अधाशासारख्या वाचल्या. पुढे संसार आणि शिफ्ट ड्यूटी यांत वाचन सुटलं. यंदा वाढदिवसाला लेकीनं अँडी विअर यांचं ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ दिलं आणि जावयांनी पीटर वॉट्स यांचं ‘ब्लाइंडसाइट’. दोन्ही इंग्रजी. दोन्ही म्हणे ‘हार्ड सायन्स फिक्शन’, म्हणजे विज्ञानाला धरून रचलेली. दोघंही फोनवर विचारतात, “बाबा, कुठवर आलात?” हेल मेरी मी तो परग्रहवासी रॉकी भेटेपर्यंत वाचलं. मजा आली, पण हे जरा शाळेतल्या प्रयोगवहीसारखं वाटतं. ब्लाइंडसाइटच्या तिसाव्या पानावर गाडी अडलीय. कोण कुणाशी बोलतंय तेच कळेना. वर त्यात चक्क एक रक्तपिपासू व्हॅम्पायर! हे कसलं विज्ञान? मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. दिवाळीपर्यंत एकच पुस्तक नीट वाचून होईल. कोणतं वाचू? आणि विज्ञान कुणाचं खरं?

ता. क. परवा सोसायटीच्या पाणीपट्टीचा अर्ज शेजारच्या मुलानं फोनमधल्या त्या एआयकडून लिहून घेतला. माझ्यापेक्षा चांगलं मराठी! तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, की त्याला यातलं काही कळतं, की ते नुसतं लिहितं?

– एक निवृत्त उपअभियंता

उत्तर:

काका, जावयांचं वाचा. लेकीचं अर्धं राहिलं तर राहू द्या, ते कुठं पळून जात नाही. असं का म्हणते ते सांगते. पण आधी लेकीच्या पुस्तकाची बाजू मांडायला हवी, कारण ‘प्रयोगवही’ म्हणून तुम्ही त्याच्यावर थोडा अन्याय केलाय.

‘हेल मेरी’ 2021 चं. त्यातला रायलंड ग्रेस शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. तो जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, शेजारी दोन सहकारी मरून पडलेले. मग तो काय करतो? हातातली वस्तू टेबलावरून खाली सोडतो आणि ती पडायला किती वेळ लागला ते मोजतो. त्वरण येतं सेकंदवर्गाला 15 मीटर. म्हणजे ही पृथ्वी नव्हे. मग शंका, की आपण गरागरा फिरणाऱ्या एखाद्या सेंट्रिफ्यूजमध्ये तर नाही? तर दोरीचा लंबक करायचा, वरच्या मजल्यावर आणि खालच्या मजल्यावर झोके मोजायचे. सेंट्रिफ्यूजमध्ये केंद्रापासूनचं अंतर बदललं की ओढही बदलते. झोके दोन्हीकडे सारखेच भरतात, म्हणजे ते नाही. तुमच्या खात्यातलाच प्रकार आहे हा: फीडर ट्रिप झाला की रिलेचे फ्लॅग बघायचे, लाइनचा एकेक भाग वेगळा काढायचा, उरतो तिथं फॉल्ट. तुम्हाला तो सोपा वाटला याचं कारण मला वाटतं हेच, की ही पद्धत तुमच्या अंगात मुरलेली आहे. आणि दुसरं कारण नारळीकर. वाचकाचा हात धरून, आधी नियम सांगून मग गोष्ट वळवायची ही शिस्त आपल्याकडे त्यांनी लावली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ अशा उलट्या आद्याक्षरांच्या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवणाऱ्या माणसाचे तुम्ही वाचक. विअर तुम्हाला परके वाटणारच नाहीत.

शिवाय हिशेब. ग्रेसचं यान जातं तो टाऊ सेटी तारा सुमारे 12 प्रकाशवर्षांवर. दीड जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या दीडपट त्वरणानं अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत जायचं आणि उरलेल्या अर्ध्यात तेवढ्याच त्वरणानं कमी करायचा, तर पृथ्वीवर जातात 13 वर्षं आणि यानातल्या घड्याळात चारहूनही थोडी कमी. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, येतं बरोबर. सापेक्षता ठाऊक नसलेल्या लोकांनी अशा प्रवासाच्या इंधनाचा अंदाज बांधला तर काय होतं, याचीही पुढे एक गंमत आहे, ती फोडत नाही.

आता रॉकी. ती गाठ पडते तिथं तुम्ही थांबलात हे माझ्या दृष्टीनं फार सोयीचं झालं, कारण दोन्ही पुस्तकांतला खरा फरक नेमका तिथून सुरू होतो. परग्रहावरचा कुणी भेटला तर त्याच्याशी बोलायचं कसं? रॉकी राहतो 210 अंश सेल्सियसच्या अमोनियात, पृथ्वीच्या 29 पट दाबात. डोळे नाहीत, आवाजावरून ‘पाहतो’. एका खोलीत दोघं बसूच शकत नाहीत, मध्ये भिंत हवी. तो बोलतो सुरांच्या जुळण्यांत. ग्रेस त्या जुळण्या लॅपटॉपवर टिपतो, कोणत्या सुरांना कोणता शब्द याची यादी करतो. आकडे सहाच्या पायावरचे निघतात, कारण रॉकीच्या हाताला तीन बोटं. एक शब्द कळला की तो दुसऱ्या शब्दाला हात देतो. हळूहळू, चुकत, परत विचारत. या सगळ्याच्या तळाशी विअरचा एक ठाम विश्वास आहे: समोर कुणीतरी *आहे*, त्याला काहीतरी म्हणायचंय आणि कष्ट घेतले तर ते आपल्याला कळेल.

वॉट्सनं 2006 साली, म्हणजे विअरच्या पंधरा वर्षं आधी, हाच विश्वास उखडून टाकलाय.

त्यांच्या गोष्टीत 13 फेब्रुवारी 2082 रोजी आकाशातून एकाच वेळी 65,536 वस्तू पृथ्वीभोवती जाळीसारख्या पडतात, जळून जाताना अख्ख्या ग्रहाचा जणू फोटो काढतात आणि संपतात. (दोनचा सोळावा घात, तुमच्या लक्षात आलंच असेल.) पाठवणाऱ्याचा माग काढायला ‘थीसियस’ नावाचं यान सूर्यमालेच्या पार कडेला जातं. तिथं एका काळोख्या, थंड महाग्रहाभोवती एक अवाढव्य वस्तू फिरत असते. ती स्वतःच आपलं नाव सांगते, रॉर्शाक. आणि ती पहिल्या संपर्कापासून अस्खलित इंग्रजी बोलते! शब्दयादी नको, सूर नकोत. माणसांच्या आपसातल्या गप्पा वर्षानुवर्षं ऐकून शिकलेली. गोड बोलते, विनोद करते, जवळ येऊ नका म्हणून बजावते. यानावर सुझन जेम्स ही भाषातज्ज्ञ आहे. तिच्या एका डोक्यात चार व्यक्ती नांदतात, तेही मुद्दाम करवून घेतलेलं. ती या बोलण्याला आडवे-तिडवे प्रश्न घालत राहते, आणि मग एके दिवशी ध्यानीमनी नसताना रॉर्शाकला एक कचकचीत, घाणेरडी शिवी हासडते. सहकाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आता हल्ला होणार म्हणून. ती शांत. तिचं म्हणणं, राग यायला पलीकडे कुणी असायला तर हवं. तिथं कुणी नाहीच. वाक्यं येताहेत, वाक्यं जाताहेत.

हा प्रसंग पुस्तकाच्या मध्याच्या आधीच आहे, तो सांगितल्यानं काही बिघडत नाही. पण काका, तुमची ता. क. आता पुन्हा वाचून बघा.

बर्कली विद्यापीठातले तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये एक कल्पना मांडली होती, ‘चिनी खोली’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. बंद खोलीत एक माणूस, त्याला चिनी भाषेचा गंध नाही. दाराच्या फटीतून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या आत येतात. त्याच्याकडे नियमांचं एक जाडजूड पुस्तक: अशा आकृत्या आल्या तर तशा आकृत्या काढून बाहेर सरकव. तो इमानेइतबारे तेवढं करतो. बाहेरच्यांना वाटतं, आत कुणी चांगला चिनी जाणणारा बसलाय. सर्ल विचारतात, चिनी कुणाला येतं? वॉट्स ही खोली उचलून सूर्यमालेच्या वेशीवर नेतात आणि तिला दात, नखं, भूक देतात. चॅटजीपीटी लोकांच्या हातात आलं 2022 च्या नोव्हेंबरात. त्याच्या सोळा वर्षं आधी लिहिलेलं हे प्रकरण आज वाचताना अंगावर काटा येतो. तुमच्या पाणीपट्टीच्या अर्जामागं कुणी आहे का, याचं उत्तर त्यात मिळणार नाही. पण हा भुंगा डोक्यात असताना हातात दुसरं कुठलंही पुस्तक धरणं म्हणजे वेळ दवडणं आहे.

शिवाय वॉट्स त्याहून पुढं जातात. त्यांचा सवाल असा की बुद्धीला जाणीव लागतेच कशाला? पुस्तकाचं नाव हीच एक खरी वैद्यकीय गोष्ट आहे. 1970 च्या दशकात ऑक्सफर्डच्या लॉरेन्स वायस्क्रांट्झ यांनी असा रुग्ण अभ्यासला, की ज्याच्या मेंदूतला दृष्टीचा एका बाजूचा भाग शस्त्रक्रियेत काढलेला होता. त्या बाजूचं मला काहीच दिसत नाही, असं तो शपथेवर सांगायचा. तरी प्रकाशाचा ठिपका कुठं आहे, अंदाजानं बोट दाखव म्हटलं की बोट बहुतेक वेळा बरोबर जागी जायचं. डोळा पाहत होता, ‘तो’ पाहत नव्हता.

एक प्रयोग तुमच्यासाठी, नव्या लेन्सच्या डोळ्यांनी. आरशासमोर जवळ उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, मग परत डाव्याकडे. तुमची बुबुळं हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्वच्छ दिसतील. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी झेप घेते तेवढ्या क्षणापुरता मेंदू चित्र दाबून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. रॉर्शाकच्या आत राहणारे जीव काय करतात, तर समोरच्या माणसाची नजर झेप घेते नेमक्या तेवढ्याच क्षणांत हलतात. भर उजेडात समोर असून दिसत नाहीत. हे वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरात दिवा लावूनच गेले होते, हे आपलं जाता जाता.

आता तुमचा व्हॅम्पायर. तो बघून पुस्तक मिटलंत, बरोबर? थोडा धीर धरा. वॉट्स मूळचे सागरी जीवशास्त्रज्ञ, कॅनडाचे. भुताटकी त्यांना मानवतच नाही. त्यांचा व्हॅम्पायर म्हणजे हिमयुगातली, माणसाची शिकार करून जगणारी एक मानवशाखा, नामशेष झालेली आणि जनुकशास्त्रानं पुन्हा घडवलेली. मग तो क्रूसाला का घाबरतो? दृष्टीच्या मेंदूत उभ्या रेषांना दाद देणाऱ्या पेशी वेगळ्या, आडव्यांना वेगळ्या, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी दाखवलं आणि त्यांना 1981 चं नोबेल मिळालं. वॉट्स म्हणतात, समजा एखाद्या जातीत या दोन्हींच्या तारा एकमेकींत गुंतल्या असतील, तर काटकोन दिसताक्षणी शॉर्ट होऊन फिट येईल. रानात काटकोन सापडत नाही. माणूस घरं बांधायला लागला, चौकटी, खिडक्या, दारं आली, आणि शिकारी संपले. बनावट आहे, पण काय बांधणी आहे! तुम्ही वायरिंगवाले, तुम्हाला हे आवडायला हवं.

तेव्हा ‘विज्ञान कुणाचं खरं’ याचं उत्तर असं, की दोघंही एकेका ठिकाणी लबाडी करतात. विअरची लबाडी म्हणजे सूर्याची ऊर्जा खाणारा तो सूक्ष्मजीव, आणि रॉकीच्या लोकांचा झेनॉनपासून केलेला, काहीही सोसणारा पदार्थ. वॉट्सची लबाडी हा व्हॅम्पायर. पण एकदा ती पदरात घेतली की पुढचं सगळं दोघंही चोख हिशेबानं करतात. एक भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या अंगानं, दुसरा मेंदूशास्त्राच्या. मोठा फरक दुसरीकडे आहे. विअरकडे विज्ञान म्हणजे अडचणीतून बाहेर काढणारी शिडी. वॉट्सकडे जितकं कळत जातं तितकी पायाखालची जमीन सरकते.

वॉट्सचं मला सगळं पटतं असं समजू नका. जाणीव हा नुसता खर्च आहे, उत्क्रांतीच्या खात्यावरची उधळपट्टी आहे, हा त्यांचा रोख मला एकांगी वाटतो. विचार करत बसलं की पेटीवरची बोटं अडखळतात, हे खरंच. पण ती बोटं तयार झाली कशी? नवीन पॅनेल पहिल्यांदा हाताळताना तुम्ही किती टक्क जागे होतात ते आठवा. हात आपोआप जायला लागले ते नंतर. वॉट्स नंतरचा अर्धा भाग दाखवतात आणि आधीचा वगळतात. हे भांडण तुम्ही पुस्तकाशी घालावं अशी माझी इच्छा आहे. ‘हेल मेरी’शी तुमचं भांडण होणार नाही. ते तुम्हाला खुश करेल, एका ठिकाणी घसाही दाटेल, आणि बस.

एक इशारा. ‘ब्लाइंडसाइट’ निर्दय आहे. त्यातला निवेदक सिरी कीटन, लहानपणी फिट्स थांबवण्यासाठी अर्धा मेंदू काढलेला, माणसांना वाचतो पण त्यांच्याशी जोडला जात नाही. शेवट काळा आहे. झोप उडत असेल तर रात्री वाचू नका, दुपारची वेळ धरा.

अडलेली गाडी कशी काढायची ते आता. वॉट्स वाक्यं तोडून लिहितात आणि काही समजावून सांगत नाहीत, कारण बोलणारी सगळी मंडळी आधीच सगळं जाणून आहेत. त्यात तुमच्या इंग्रजीचा काही दोष नाही. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर पाचच नावं लिहून पुस्तकात ठेवा. सिरी कीटन, निरीक्षक. सुझन जेम्स, भाषा. तिच्या आतले बाकीचे तिघं बोलायला लागले की आवाज बदलतो, गोंधळू नका. आयझॅक स्पिंडेल, जीवशास्त्र. अमांडा बेट्स, लष्कर. युक्का सरास्टी, तो तुमचा व्हॅम्पायर, आणि यानाचा प्रमुखही तोच. पहिली तीस पानं परत वाचू नका, तिथूनच पुढं चला. मध्ये मध्ये सिरीचं बालपण, त्याची मैत्रीण, आईवडील येतात. तो भाग सोपा आहे म्हणून भरभर उरकू नका, सगळी मेख तिथं आहे. शेवटी लेखकानं टिपा दिल्यात, शंभरावर संदर्भांसह. त्यातला व्हॅम्पायरचा भाग खुशाल आत्ता वाचा, म्हणजे तो राग एकदाचा निघून जाईल. जाणीव आणि बुद्धीवरचा मात्र पुस्तक संपल्याशिवाय उघडू नका.

डोळ्यांचं म्हणाल तर हे पुस्तक वॉट्स यांनी आपल्या संकेतस्थळावर फुकट आणि कायदेशीररीत्या ठेवलेलं आहे. टॅबलेटवर उतरवून घ्या, अक्षर हवं तेवढं मोठं करा, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येईल अशी सोय लावून घ्या. शेजारचा तो अर्जवाला मुलगा पाच मिनिटांत करून देईल. जावयांनी दिलेली छापील प्रत टेबलावर दिसेल अशी राहू द्या.

आणि फोनचं काय? लेकीला खरंखरं सांगा: रॉकीपर्यंत आलोय, पुढचं दिवाळीनंतर. रॉकी हा शब्द नुसता काढलात की पुढची वीस मिनिटं तीच बोलेल, तुम्हाला हं हं म्हणण्याचंच काम. जावईबापूंना मात्र आपण होऊन फोन करा आणि न कळलेली जागा सरळ विचारा. सासऱ्यानं स्वतः फोन करून “हे मला समजत नाही, तुम्ही सांगा” म्हणावं, हे सुख किती जावयांच्या वाट्याला येतं? त्या शिवीच्या प्रसंगापाशी आलात की त्यांना तुमचा पाणीपट्टीचा अर्जही वाचून दाखवा. फक्त एक सांभाळा. ते उत्साहाच्या भरात याच मालिकेतलं 2014 चं ‘एकोप्रॅक्सिया’ लगोलग कुरियर करतील. ते याहून अवघड आहे. घ्या, आभार माना आणि कपाटात ठेवा, कारण तोवर हेल मेरीचा नंबर लागलेला असेल.